विंडोज ११ टाकलं आणि वायफायच गायब झालं? ‘कार्ड जळालं’ हे मान्य करण्याआधी एवढं तपासा

रात्री लॅपटॉप अपग्रेडला लावला. सकाळी उघडला तर सगळं चकाचक. स्टार्ट बटण मध्यभागी आलंय, फोटो आणि फाईली जागच्या जागी आहेत. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाऐवजी पृथ्वीचा गोल दिसतोय. त्यावर क्लिक केलं तर वायफायचं बटणच नाही. शेजाऱ्यांचं सोडा, स्वतःच्या घरातलं नेटवर्कही दिसत नाही.

हा प्रकार सध्या बऱ्याच जणांच्या वाट्याला येतोय, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्यामुळे वर्षानुवर्षं विंडोज १० वर निवांत चाललेले लॅपटॉप विंडोज ११ वर न्यावे लागले. त्यात जुने लॅपटॉप आले, जुनी वायफाय कार्डं आली आणि हा घोळही आला.

मग दुकानात गेल्यावर ऐकू येतं, ‘कार्ड गेलंय’ किंवा ‘मदरबोर्डचा प्रॉब्लेम आहे, ठेवून जा’. ते खरं असूही शकतं. पण आदल्या रात्रीपर्यंत नीट चालणारं कार्ड नेमकं अपग्रेडच्याच रात्री जळावं, असा योगायोग क्वचितच घडतो. बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. तुटलेलं असतं ते कार्ड आणि विंडोज यांच्यातलं बोलणं.

हे बोलणं नेमकं कुठे तुटलंय, हे घरबसल्या शोधता येतं. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

आधी समजून घेऊ, अपग्रेडमध्ये होतं काय?

वायफाय कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली बोटाच्या पेराएवढी छोटी पट्टी. तिची भाषा विंडोजला थेट कळत नाही. मधे एक दुभाषी लागतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. इंटेल, रिअलटेक, क्वालकॉम, मीडियाटेक, ब्रॉडकॉम अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचेही वेगळे असू शकतात.

अपग्रेड म्हणजे जुन्या घराला नवा रंग नाही, ते शिफ्टिंग आहे. विंडोज ११ नव्याने बसतं, जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि तुमच्या फाईली, ॲप आणि ड्रायव्हर नव्या घरात हलवले जातात. या हलवाहलवीत एखादा ड्रायव्हर मागे राहतो, एखादा अर्धवट बसतो, तर कधी विंडोज स्वतःकडचा दुसराच ड्रायव्हर लावून मोकळं होतं.

पण उपाय करायला नेट लागतं आणि नेटच नाहीये. मग?

ही गोची आधी सोडवा. ॲण्ड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ असतं, ते चालू करा. आता फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळेल. यात लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा काही संबंधच येत नाही, म्हणून ते बंद असलं तरी चालतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. केबल डेटा जाणारी हवी, फक्त चार्जिंगची केबल चालत नाही. आणि नेट सुरू होताच विंडोज मोठमोठी अपडेट ओढायला लागतं, त्यामुळे फोनच्या डेटा पॅकवर लक्ष ठेवा. घरातल्या राउटरपासून लॅन केबल टाकता येत असेल तर अजून उत्तम.

नेट आल्यावर ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा. तिथे ‘ड्रायव्हर अपडेट्स’मध्ये तुमच्या कार्डाचं नाव दिसलं तर ते टाका आणि रीस्टार्ट करा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

झालं नाही? मग आधी लॅपटॉपची वीज पूर्ण उतरवा

विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं की लॅपटॉप पूर्ण बंद होतोच असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उघडतं. म्हणजे अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहू शकतं.

म्हणून शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग ‘शट डाउन’ करा. चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण साधारण ३० सेकंद दाबून धरा आणि सोडा. मग चार्जर लावून चालू करा. ऐकायला हा टोटका वाटेल, पण यामागे साधं कारण आहे. सर्किटमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि कार्डाला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागते.

सोबत एअरप्लेन मोड चालू नाही ना, हेही बघा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायरलेसचं सरकतं बटण असतं, काहींमध्ये ‘एफएन’ आणि वरच्या ओळीतलं एखादं बटण एकत्र दाबावं लागतं. तेही एकदा तपासा.

आता खरी तपासणी: डिव्हाइस मॅनेजर काय सांगतोय?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ ही ओळ उघडा. ‘वॅन मिनीपोर्ट’ अशा नावांची रांग दिसेल, ती सोडून द्या. ती विंडोजची स्वतःची सॉफ्टवेअरमधली कार्डं आहेत. आपल्याला हवंय ते नाव, ज्यात ‘वायफाय’, ‘वायरलेस’ किंवा ‘८०२.११’ असं काहीतरी आहे.

आपण सगळे सरसकट म्हणतो, ‘कार्ड दिसत नाही’. पण इथे त्याचे तीन वेगळे अर्थ निघतात आणि तिघांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला अर्थ: नाव आहे, पण काम करत नाही

नावावर खाली वळलेला बाण असेल तर कार्ड नुसतं बंद केलेलं आहे. राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा, विषय संपला.

पिवळा त्रिकोण असेल तर नावावर डबल क्लिक करा. मधल्या चौकटीत एक कोड लिहिलेला असतो. तो वाचायला शिका, कारण निम्मं उत्तर त्यातच असतं.

कोड १० म्हणजे कार्ड सुरूच होऊ शकलं नाही. बहुतेकदा चुकीचा ड्रायव्हर, कधी अडकलेली वीज.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही.

कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच बिघाड कळवला, म्हणून विंडोजने त्याला थांबवलं. हा ड्रायव्हरचा दोष असू शकतो, तसाच कार्डाचाही.

कोड ५६ म्हणजे विंडोज नेटवर्कची मांडणी अजून लावतंय आणि ती पूर्ण होत नाहीये. इथे पहिला संशय व्हीपीएनवर घ्या. त्याबद्दल पुढे बोलू.

या गटात आणखी एक उपाय आहे. ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येत असेल तर दाबा. आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, पण ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत टिक करू नका. मग वरच्या ‘ॲक्शन’ मेनूतून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करा. विंडोज कार्डाला पुन्हा नव्याने ओळखायचा प्रयत्न करेल.

दुसरा अर्थ: नाव नाही, पण ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये ‘नेटवर्क कंट्रोलर’ आहे

ही खरं तर चांगली बातमी आहे. कार्ड जिवंत आहे, विंडोजला त्याची चाहूल लागलीय, फक्त ते कोण आहे हे कळत नाहीये. दुभाषी हरवलाय, माणूस नाही. दुकानात याच अवस्थेला ‘कार्ड गेलं’ म्हटलं गेलं, तर तुम्ही स्क्रीन दाखवून प्रश्न विचारू शकता.

इथे ड्रायव्हर शोधायचा. त्यासाठी कार्डाची ओळख लागते. त्या नावावर डबल क्लिक करा, ‘डिटेल्स’ टॅबमध्ये जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. त्यात ‘व्हीईएन’ या अक्षरांच्या पुढची चार चिन्हं कंपनीची आणि ‘डीईव्ही’च्या पुढची चार चिन्हं मॉडेलची असतात. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस आणि १४सी३ म्हणजे मीडियाटेक.

ड्रायव्हर आणताना क्रम असा ठेवा. आधी लॅपटॉपच्या कंपनीची अधिकृत वेबसाइट. लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, तो टाकला की तुमच्याच मशीनची यादी उघडते. तिथे विंडोज ११ चा ड्रायव्हर नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या, तो बहुतेक वेळा विंडोज ११ वरही चालतो. ३२ बिटचा मात्र चालत नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. कार्ड इंटेलचं असेल तर इंटेलच्या वेबसाइटवरूनही ड्रायव्हर थेट मिळतो.

आणि एक जागा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे तुमचाच लॅपटॉप. जुना, चालणारा ड्रायव्हर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये अजून पडलेला असू शकतो. ‘नेटवर्क कंट्रोलर’वर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा, त्यात कॉम्प्युटरमध्ये स्वतः शोधायचा पर्याय घ्या. मग सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज.ओल्ड’मध्ये ‘विंडोज’, ‘सिस्टिम३२’, ‘ड्रायव्हरस्टोअर’ आणि ‘फाइलरिपॉझिटरी’ या क्रमाने आत जा. आतले फोल्डरही शोधायच्या चौकटीवर टिक ठेवा. यासाठी इंटरनेटही लागत नाही.

तिसरा अर्थ: कुठेच काही नाही

ना नाव, ना ‘अदर डिव्हाइसेस’. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केल्यावर कार्डाचं नाव फिकट रंगात दिसलं, तर त्याचा अर्थ विंडोजला ते आठवतंय, पण आत्ता सापडत नाहीये. नेमकी अशीच अवस्था असेल तर हार्डवेअरकडे संशयाची सुई वळवा.

इथे एक सोपी खूण आहे. ब्लूटूथ चालतंय का, बघा. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच पट्टीवर असतात. ब्लूटूथ चालत असेल तर पट्टीला वीज मिळतेय आणि ती जागेवर बसलेली आहे. ब्लूटूथही गेलं असेल तर अख्खी पट्टीच लॅपटॉपला सापडत नसण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर बायोसमध्ये जाऊन वायरलेस बंद केलेलं नाही ना, ते बघा. लॅपटॉप चालू होताना एफ२, एफ१०, डिलीट असं कुठलं तरी बटण दाबावं लागतं, ते कंपनीप्रमाणे बदलतं. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ही ४८ आकडी की मागू शकतं. ती नसेल तर वायफाय राहिलं बाजूला, फाईलींनाच मुकावं लागेल.

शेवटची आणि सगळ्यात पक्की चाचणी म्हणजे पेन ड्राइव्हवरून उबुंटू लिनक्स चालवून बघणं. ते इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ करता येतं. तिथे वायफायची यादी दिसली तर कार्ड शंभर टक्के चांगलं आहे आणि दोष विंडोजच्या बाजूला आहे. तिथेही, बायोसमध्येही आणि विंडोजमध्येही कार्ड सापडलं नाही, तर मात्र पट्टी सैल झालीय किंवा खरंच गेलीय, असं म्हणायला जागा आहे.

व्हीपीएनचा यात काय संबंध?

व्हीपीएन आणि काही अँटीव्हायरस नेटवर्कच्या रस्त्यात स्वतःची चौकी बसवतात. जुन्या विंडोजसाठी बनवलेली ही चौकी नव्या विंडोजमध्ये अडथळा ठरू शकते.

हे आधीही घडलंय. २०१५ मध्ये विंडोज ८.१ वरून विंडोज १० वर गेलेल्या काही लोकांना वायफाय नेटवर्क दिसेनाशी झाली होती. सिस्को आणि सॉनिकवॉल यांच्या जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा एक फिल्टर ड्रायव्हर अपग्रेडनंतर मागे राहत होता. मायक्रोसॉफ्टने त्यावर वेगळं मदतपान काढलं होतं आणि अपग्रेडआधीच ते व्हीपीएन काढून टाका, असं सांगितलं होतं.

त्यामुळे ऑफिसचं किंवा फुकटचं कुठलंही व्हीपीएन असेल तर ते तात्पुरतं अनइन्स्टॉल करा. मग ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ यातून ‘नेटवर्क रीसेट’ करा. याने सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवली जातात. सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातील, ते आधी लिहून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.

दोष मायक्रोसॉफ्टचाच असेल तर?

असंही होतं. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही वायफाय कार्डं कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर्कला जोडली जात नव्हती. तिथे कार्ड दिसत होतं, पण नेटवर्कला जोडलं जात नव्हतं. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य करून तो बदल मागे घेतला. म्हणून एकाच अपडेटनंतर कॉलेजमधल्या अनेकांचं वायफाय गेलं असेल, तर स्वतःचा लॅपटॉप उघडण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज रिलीज हेल्थ’ पानावर नजर टाका.

काहीच जमलं नाही तर १० दिवस लक्षात ठेवा

अपग्रेडनंतर १० दिवस विंडोज १० वर परत जाता येतं. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ आणि तिथे ‘गो बॅक’. त्यानंतर विंडोज जुना फोल्डर काढून टाकतं आणि हा दरवाजा बंद होतो. लॅपटॉप दुकानात आठवडाभर पडून राहिला तर हेच दिवस निघून जातात. शिवाय ‘जागा कमी आहे’ म्हणून ‘विंडोज.ओल्ड’ डिलीट केलं, तर परतीची वाट आणि जुना ड्रायव्हर दोन्ही जातात.

परत जाण्याआधी फाईलींचा बॅकअप घ्या. अपग्रेडनंतर टाकलेली ॲप निघून जातील. आणि परत जाणं हा कायमचा इलाज नाही. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट हवी असतील तर त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि घरगुती ग्राहकांसाठी ती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे.

पैसे नेमके कुठे जाऊ शकतात?

पहिला सापळा म्हणजे ‘ड्रायव्हर अपडेटर’. गुगलवर ड्रायव्हर शोधला की अनेकदा अशा सॉफ्टवेअरच्या जाहिराती वर येतात. स्कॅन फुकट, दुरुस्तीला पैसे. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर फुकटच असतो.

दुसरा सापळा जास्त धोकादायक आहे. सर्चमध्ये दिसणारा ‘कस्टमर केअर’ नंबर खोटा असू शकतो. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगेल आणि मग बँकेचं ॲप उघडायला लावेल. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये कधीच फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

तिसरं म्हणजे न तपासता केलेला खर्च. कार्ड खरंच गेलं असेल तरी मदरबोर्ड बदलायची गरज सहसा नसते. अनेक लॅपटॉपमध्ये ही पट्टी वेगळी निघते. तात्पुरतं काम चालवायला साधा यूएसबी वायफाय डोंगल हजार रुपयांच्या आत मिळतो. पट्टी बदलायची असेल तर आधी विचारा, माझ्या मॉडेलला चालेल का? इंटेलचं एएक्स२०१ इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच चालतं, एएक्स२०० ला तशी अट नाही. एचपी आणि लेनोव्होच्या काही जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीने ठरवलेलीच कार्डं चालतात. काही नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये तर ही चिप बोर्डावरच पक्की जोडलेली असते.

दुकानात जाताना डिव्हाइस मॅनेजरचा फोटो, एरर कोड आणि हार्डवेअर आयडी फोनमध्ये घेऊन जा. ‘नेट चालत नाही’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीही सांगता येतं. ‘नेटवर्क कंट्रोलर दिसतोय, कोड २८ आहे, फक्त ड्रायव्हर टाकून द्या’ म्हणणाऱ्याला मदरबोर्डचं बिल देणं जरा अवघड जातं.

आणि तुमचं अपग्रेड अजून व्हायचं असेल तर आजच दोन कामं करा. वायफाय कार्डाचं नाव लिहून घ्या आणि त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. परीक्षेचा फॉर्म किंवा महाडीबीटीचा अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ असेल, तर अपग्रेड त्यानंतरच लावा.